प्रथिनांची शर्यत लावणारा माणूस

सिकलसेलच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन ओपीडीत येणाऱ्या माणसाचा प्रश्न बहुधा एकच असतो. रिपोर्टवर एएस अशी दोन अक्षरे असतात आणि आपल्याला आजार आहे की नाही, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. पुष्कळदा सोबत आई असते, कारण लग्न ठरत आलेले असते. उत्तर द्यायला अर्धे मिनिट पुरते. एएस म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास होत नाही, पण जोडीदारही वाहक असेल तर होणाऱ्या मुलांचा विचार आधी करायला हवा. हे अर्ध्या मिनिटाचे उत्तर ज्या चाचणीच्या आधारे देता येते, ती रुग्णालयापर्यंत पोहोचायला मात्र एका माणसाच्या आयुष्यातली पंचवीस वर्षे खर्ची पडली. त्या माणसाचे नाव आर्ने टिसेलियस. तो डॉक्टर नव्हता. स्वीडनमधला रसायनशास्त्रज्ञ होता.

चाचणीचे नाव इलेक्ट्रोफोरेसिस. नाव अवघड असले तरी कल्पना साधी आहे. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर बहुधा थोडा विद्युतभार असतो. पाण्यात दोन टोकांना तारा सोडून वीज लावली, की ऋणभारित कण धन टोकाकडे आणि धनभारित कण ऋण टोकाकडे सरकू लागतात. १८०७ साली मॉस्कोमध्ये रॉइस नावाच्या शास्त्रज्ञाने ओल्या चिकणमातीतून वीज सोडली, तेव्हा मातीचे कण एका दिशेला आणि पाणी दुसऱ्या दिशेला जाताना त्याला दिसले होते. पण कण किती वेगाने जाईल, हे आधी सांगता येईल असे गणित जुळायला जवळजवळ शंभर वर्षे गेली.

ते गणित १९०३ साली पोलिश भौतिकशास्त्रज्ञ मारियान स्मोलुचोव्स्की यांनी मांडले. ऋणभारित कणाभोवती पाण्यातले धनभारित आयन गर्दी करतात. वीज लावली की कण एकीकडे ओढला जातो आणि भोवतालची ही गर्दी पाण्याला घेऊन उलट दिशेला जाऊ पाहते. या ओढाताणीतून कणाला जो वेग मिळतो तो विद्युतक्षेत्राची ताकद आणि कणाच्या पृष्ठभागावरचा विद्युतदाब यांच्या प्रमाणात वाढतो आणि द्रव जितका दाट तितका कमी होतो. आयनांची गर्दी कणाच्या मानाने अगदी पातळ असेल, तर कण लहान आहे की मोठा याने वेगात फरक पडत नाही, असा या गणिताचा चकित करणारा निष्कर्ष होता. फारच लहान कणांसाठी वेगळे सूत्र लागते, हे १९२४ मध्ये ह्युकेल यांनी दाखवले आणि १९३१ मध्ये हेन्री यांनी दोन्ही सूत्रांची सांगड घातली. प्रथिनांचे रेणू या दोन टोकांच्या मधे कुठे तरी बसतात. थोडक्यात, दोन प्रथिनांच्या विद्युतभारात फरक असेल तर वीज लावल्यावर ती वेगवेगळ्या वेगाने पळतील, हे कागदावर ठरले होते. ते प्रत्यक्षात स्वच्छ दाखवणे बाकी होते.

आर्ने टिसेलियस यांचा जन्म १० ऑगस्ट १९०२ रोजी स्टॉकहोममध्ये झाला. वडील लवकर वारले, तेव्हा आई मुलांना घेऊन गोथेनबर्गला गेली आणि आर्नेचे शालेय शिक्षण तिथे झाले. १९२१ मध्ये शाळा संपवून तो उप्सालाच्या विद्यापीठात दाखल झाला. स्टॉकहोमच्या उत्तरेला असलेले हे जुने विद्यापीठ त्या काळी एका नावाने गाजत होते. ते नाव थिओडोर स्वेडबर्ग. द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म कण हा स्वेडबर्ग यांचा विषय. प्रचंड वेगाने फिरणारे अल्ट्रासेंट्रिफ्यूज बनवून ते प्रथिनांचे रेणू वजनानुसार वेगळे करत होते. १९२६ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९२५ मध्ये, टिसेलियस त्यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागले होते.

गुरूने वजनाच्या जोरावर प्रथिने वेगळी केली, शिष्याच्या वाट्याला वीज आली. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या काचेच्या नळीत तळाशी प्रथिनाचे द्रावण आणि त्यावर अलगद नुसते बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे क्षारांचे पाणी, अशी मांडणी करायची. दोघांच्या मधे एक सीमा तयार होते. वीज लावली की प्रथिने सरकतात आणि त्यांच्याबरोबर ही सीमाही सरकते. ती किती सरकली ते मोजले की प्रथिनाचा वेग कळतो. या पद्धतीवर टिसेलियस यांनी प्रबंध लिहिला आणि १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी ग्रेटा डालेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी झाली.

प्रबंधाची वाहवा झाली, पण टिसेलियस स्वतः समाधानी नव्हते. अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये एकजिनसी दिसणारी प्रथिने विजेच्या परीक्षेत मिश्रण असल्याचा संशय येत होता, पण संशयापलीकडे जाता येत नव्हते. सीमा धूसर व्हायच्या, एकमेकींत मिसळायच्या. त्यातून उप्सालात तेव्हा जीवरसायनशास्त्राला स्वतंत्र प्राध्यापकपदही नव्हते. पुढची काही वर्षे त्यांनी वेगळाच विषय धरला: झिओलाइट या खनिजांच्या स्फटिकांत पाण्याचे आणि वायूंचे रेणू कसे शिरतात आणि पसरतात. हाच अभ्यास पुढे नेण्यासाठी रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर ते वर्षभर अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले.

तिथे त्यांना पुन्हा जुना प्रश्न भेटला. प्रिन्स्टनमध्येच रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळा होत्या. एन्झाइमचे स्फटिक बनवणारे नॉर्थरोप आणि तंबाखूच्या विषाणूवर काम करणारे स्टॅन्ली तिथे होते. रक्तगट शोधणारे लँडस्टायनर न्यूयॉर्कला होते. या सगळ्यांची अडचण सारखीच होती. हातातले प्रथिन खरेच एक आहे की अनेकांचे मिश्रण, हे खात्रीने सांगेल असे साधन कोणाकडेच नव्हते. आपण अर्धवट टाकून आलेले कामच या लोकांना हवे आहे, हे टिसेलियस यांच्या ध्यानात आले. १९३५ मध्ये ते उप्सालाला परतले आणि नव्याने यंत्र बांधायला बसले.

त्यांची खरी लढाई उष्णतेशी होती. सीमा लवकर आणि स्वच्छ वेगळ्या व्हाव्यात तर विद्युतदाब वाढवायला हवा. पण दाब दुप्पट केला की वेग दुप्पट होतो आणि उष्णता चौपट. नळीच्या मध्यभागचे द्रावण तापते, हलके होऊन वर चढते, कडेचे थंड द्रावण खाली येते. चहाच्या पातेल्यात उकळीआधी जे चालते तेच नळीत सुरू होते आणि जपून केलेली सीमा विस्कटते.

टिसेलियस यांनी यावर दोन उपाय काढले. नळी गोल न ठेवता तिचा छेद अरुंद, लांबट आयत केला, म्हणजे आतली उष्णता चटकन बाहेर जाईल. दुसरा उपाय पाण्याच्या एका विचित्र गुणाचा फायदा घेणारा होता. पाणी सर्वांत जड असते ते सुमारे ४ अंश सेल्सियसला. त्या तापमानाच्या आसपास थोडे गरम वा थंड झाले तरी त्याची घनता जवळजवळ बदलत नाही. घनता बदलली नाही तर प्रवाहही उठत नाहीत. म्हणून पूर्ण नळी त्यांनी बर्फाइतक्या थंड पाण्यात बुडवली. आता आधीपेक्षा कितीतरी जास्त विद्युतदाब देता येऊ लागला. नळीचे तुकडेही असे केले, की ते एकमेकांवर आडवे सरकवून हवा तो भाग वेगळा काढता यावा.

राहिला प्रश्न रंगहीन द्रावणातली रंगहीन सीमा पाहण्याचा. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना आपण पाहतो. हवेची घनता जागोजागी वेगळी असल्याने प्रकाश वाकतो म्हणून ते दिसते. याच तत्त्वावरची श्लीरेन नावाची पद्धत भिंगांतले दोष शोधण्यासाठी आधीपासून वापरात होती. टिसेलियस यांनी ती इथे लावली. जिथे सीमा असेल तिथे प्रकाश वाकायचा आणि फोटोवर तिची खूण उमटायची.

या यंत्रात त्यांनी घोड्याचे सीरम घातले. रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर द्रव राहतो ते सीरम. त्यात एक अल्ब्युमिन आणि एक ग्लोब्युलिन अशी ढोबळ विभागणी तोवर चालत आली होती. वीज लावल्यावर एकामागून एक चार सीमा वेगळ्या झाल्या. सर्वांत पुढे अल्ब्युमिन आणि त्यामागे ग्लोब्युलिनचे तीन गट. त्यांना टिसेलियस यांनी अल्फा, बीटा आणि गॅमा अशी ग्रीक अक्षरांची साधी नावे दिली. आज गॅमा ग्लोब्युलिन हा शब्द औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचला आहे, तो या नळीतून.

यंत्राचे वर्णन करणारा लेख त्यांनी जीवरसायनशास्त्राच्या एका नियतकालिकाकडे पाठवला, तर त्यात भौतिकशास्त्र फार आहे म्हणून तो परत आला. अखेर १९३७ मध्ये तो लंडनच्या फॅरेडे सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढच्या वर्षी उप्सालात खास त्यांच्यासाठी जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापकपद निर्माण झाले.

लगेच डॉक्टरांच्या कामाचा पहिला मोठा निष्कर्ष निघाला. न्यूयॉर्कहून एल्विन कबाट हा तरुण संशोधक उप्सालाला आला होता. त्याने आणि टिसेलियस यांनी लस टोचलेल्या सशांचे सीरम यंत्रात घातले, तेव्हा गॅमाचा उंचवटा चांगलाच मोठा दिसला. मग त्या सीरममधली प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी किंवा परक्या पदार्थाशी लढणारी प्रथिने, काढून टाकली आणि तेच सीरम पुन्हा पळवले. उंचवटा खाली बसला. रोगप्रतिकारक शक्ती म्हणून आपण जे बोलतो, त्याला रक्तात एक ठरावीक जागा मिळाली. हे काम १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या टिसेलियस यांना मिळाले. इलेक्ट्रोफोरेसिस, सीरममधल्या प्रथिनांची गुंतागुंत उलगडणे आणि पृष्ठभागाला चिकटण्याच्या गुणावरून पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धती, या कामांसाठी ते होते.

पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिसेलियस पद्धतीचे यंत्र सिकलसेलसाठी वापरले. या आजारात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, हे १९१० पासून माहीत होते. कारण कळले नव्हते. पॉलिंग यांच्या गटाने निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन पळवले, तेव्हा दोघांचा वेग वेगळा निघाला. वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन सापडले. आजाराचे मूळ एका रेणूच्या बदललेल्या घडणीत असते, हे वैद्यकाने तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इनग्राम यांनी नेमका बदल शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यातल्या सहाव्या जागी ऋणभारित ग्लुटामिक आम्लाऐवजी भाररहित व्हॅलिन आलेले असते. एवढाच फरक. पण विद्युतभारात फरक पडला म्हणून वेगात फरक पडला, आणि वेगात पडला म्हणून तो दिसला.

तरीही एक मोठी अडचण उरली होती. टिसेलियस यांचे यंत्र सुमारे २० फूट लांब होते. ते महाग होते, चालवायला तज्ज्ञ माणूस लागायचा. मोजक्या श्रीमंत संस्थांपलीकडे ते जाणे शक्य नव्हते. नोबेल मिळालेल्या माणसाने आपल्या यंत्राची भलामण करत बसायला हरकत नव्हती. टिसेलियस यांनी ते केले नाही. १९५० मध्ये क्रेमर यांच्याबरोबर त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात नळी नव्हती, थंड पाण्याची टाकी नव्हती. बफरमध्ये भिजवलेला गाळण कागद होता. त्यावर सीरमचा थेंब ठेवायचा, दोन टोकांना वीज लावायची, काही तासांनी कागद वाळवून रंगवायचा. प्रथिनांचे पट्टे कागदावर उमटतात. कागदाच्या धाग्यांत पाणी अडकलेले असल्याने प्रवाह उठण्याची भीतीही फारशी नाही. त्याच सुमारास इतर काही प्रयोगशाळांतही हीच युक्ती आकाराला येत होती. बघता बघता जे खोलीभर यंत्राचे काम होते ते टेबलावर आले.

याचा उपयोग किती लवकर झाला, त्याचे एक उदाहरण डॉक्टरांना पाठ असते. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात आठ वर्षांचा एक मुलगा पुन्हा पुन्हा न्यूमोनियासारख्या गंभीर संसर्गांनी दाखल होत होता. डॉक्टर ब्रुटन यांनी त्याच्या सीरमचे इलेक्ट्रोफोरेसिस करून घेतले, तर गॅमाच्या जागी काहीच नव्हते. मुलाला प्रतिपिंडे तयारच होत नव्हती. इतरांच्या रक्तातून मिळवलेल्या गॅमा ग्लोब्युलिनची इंजेक्शने दर महिन्याला सुरू केली आणि संसर्ग थांबले. १९५२ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

आजही पाठदुखी, पंडुरोग आणि वाढलेले क्रिएटिनिन घेऊन एखादे वयस्क गृहस्थ आले, तर आम्ही सीरमचे इलेक्ट्रोफोरेसिस सांगतो. गॅमाच्या भागात पसरट टेकडीऐवजी उंच, टोकदार सुळका दिसला, तर एकाच जातीच्या पेशी बेसुमार वाढून एकच प्रथिन ओतत आहेत, असा अर्थ होतो. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग अनेकदा असा पकडला जातो. कमरेचे दुखणे म्हणून महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्याच्या बाबतीत हा सुळका वेळेवर दिसणे किती मोलाचे असते, ते वेगळे सांगायला नको. त्या गोळ्यांनी अशा रुग्णाचे मूत्रपिंड आणखी बिघडते.

टिसेलियस यांचे उत्तरायुष्य बरेचसे इतरांच्या विज्ञानासाठी गेले. स्वीडनच्या नैसर्गिक विज्ञान संशोधन परिषदेचे ते पहिले अध्यक्ष होते, १९५१ ते १९५५ रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाचे आणि १९६० ते १९६४ नोबेल फाउंडेशनचे अध्यक्ष होते. त्यांच्या उप्सालातल्या प्रयोगशाळेत घडलेल्या पोराथ, येर्तेन, स्वेन्सन यांनी रेणू वेगळे करण्याच्या नवनव्या पद्धती दिल्या. विज्ञानाने मिळवलेली ताकद माणूस कशासाठी वापरणार, याची काळजी त्यांना अखेरच्या काळात वाटू लागली होती. तथ्यांच्या जगात मूल्यांचे स्थान काय, या विषयावर १९६९ मध्ये भरलेल्या नोबेल परिसंवादाच्या ग्रंथाचे ते एक संपादक होते. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, उप्सालात त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा त्या रिपोर्टकडे येऊ. भारतात सिकलसेलची नोंद १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यांत हा आजार घरोघरी परिचयाचा आहे. १ जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. गावात शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. तिच्यातून रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढे कळते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. ते सांगते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही यंत्रावरची चाचणी. अल्कधर्मी बफरमध्ये नेहमीचे ए हिमोग्लोबिन धन टोकाकडे पुढे जाते, एस मागे राहते. दोन्ही पट्टे दिसले आणि ए जास्त असले तर वाहक. ए चा पट्टा नसला आणि एस ठळक असले तर रुग्ण. हिमोग्लोबिन डी सारखे काही प्रकार एस च्याच जागी थांबतात, त्यामुळे शंका आल्यास दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी लागते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल, तर ते तपासणीआधी जरूर सांगावे. नाही तर दुसऱ्याच्या ए चा पट्टा तुमच्या रिपोर्टात दिसेल.

शिबिरातली चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून लग्न मोडू नये आणि त्रास नाही म्हणून पुढची तपासणी टाळूही नये. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही. दोघेही वाहक निघाले तरी मार्ग बंद होत नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाची तपासणी करता येते, त्यासाठी डॉक्टरांशी आधी बोलावे.

स्वतःच्याच नावाजलेल्या प्रबंधावर समाधान न मानता टिसेलियस पुन्हा कामाला बसले, आणि नोबेल मिळाल्यावरही स्वतःच्या यंत्राला कागदाचा पर्याय शोधत राहिले. म्हणून आज रक्ताच्या एका थेंबातून हा हिशेब मांडता येतो. रिपोर्टवरची ती दोन अक्षरे घाबरवण्यासाठी लिहिलेली नसतात. लग्नाआधी दोघांनी मिळून ती एकदा वाचावीत, एवढ्यासाठीच ती लिहिलेली असतात.